एका वृद्ध स्वाराचा रविवार

आषाढी एकादशीच्या निमित्ताने चार शब्द लिहावयास बसलो, की लेखणी विठ्ठलाच्या राउळात शिरण्यापूर्वी रिंगणाच्या माळावर रेंगाळते. पुरंदवड्याचा तो विस्तीर्ण माळ, भगव्या पताकांचे कडे, टाळमृदंगांचा एकच कल्लोळ, आणि मध्ये मोकळी राखलेली धावेची वाट. प्रथम जरीपटका घेतलेला स्वार आपल्या अश्वावर फेरी घालतो. मग त्याच्यामागून तो दुसरा अश्व सुटतो. त्याच्या पाठीवर झूल आहे, साज आहे, पण स्वार नाही. तो माउलींचा अश्व. बेळगावकडील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून ही अश्वांची जोडी दरवर्षी चालत आळंदीस येते आणि हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेल्या शिस्तीने पालखीपुढे पंढरीस निघते. लाखो डोळे त्या रित्या पाठीवर खिळलेले असतात, आणि अश्व पुढे गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी एकच झुंबड उडते. धावणाऱ्या त्या अश्वाचा लगाम कोणाच्याही हाती नसतो. तरी तो आपली वाट सोडीत नाही.

लगामाची गोष्ट निघाली म्हणजे आम्हा शास्त्राध्ययन केलेल्यांना कठोपनिषद आठवल्यावाचून राहत नाही. शरीर हा रथ, बुद्धी हा सारथी, मन हा लगाम, इंद्रिये हे घोडे आणि आत्मा हा रथाचा धनी, हे यमधर्माने नचिकेत्यास सांगितलेले रूपक मी गेली पस्तीस-चाळीस वर्षे पूर्वरंगात सांगत आलो. सांगताना मूठ आवळून दाखवीत असे. लगाम सैल पडला की घोडे उधळतात, आणि घोडे उधळले की रथ दरीत. असे म्हणून श्रोत्यांतील तरुण मंडळींकडे जरा रोखून पाहावे, वडीलधाऱ्यांनी माना डोलवाव्यात, झांजेचा ठोका पडावा आणि आख्यानास आरंभ व्हावा, असा तो ठरलेला संप्रदाय.

काही वर्षांपूर्वी चातुर्मासात एका गावी असेच निरूपण झाले. कीर्तन आटोपल्यावर, बुक्का लावून घेण्याची गर्दी ओसरली तेव्हा, एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. निवृत्त शिक्षक, धर्माने ख्रिस्ती, कीर्तनाचे मात्र नेमाने श्रोते. नमस्कार करून म्हणाले, "बुवा, निरूपण उत्तम झाले. पण आपण लगाम फारच आवळून धरलात."

मी म्हटले, "मास्तर, तो आम्ही धरलेला नाही, यमधर्माने धरावयास सांगितला आहे."

ते हसले. "आमच्यात एक म्हातारा घोडेस्वार होऊन गेला. त्याने या विषयावर तीस वर्षे प्रयोग केला आहे. त्याची रोजनिशी आणून देतो. वाचून पाहा."

आठ दिवसांनी त्यांनी खरोखरच तो जाडजूड ग्रंथ आणून दिला. जॉन वेस्ली नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाची ती रोजनिशी. तीत १७७० च्या मार्च महिन्यातील एक नोंद त्यांनी खूण घालून ठेवली होती. हा गृहस्थ घोड्यावर बसल्या बसल्या ग्रंथ वाचीत असे. इतिहास, काव्य, तत्त्वज्ञान, सारे वाचन घोड्याच्या पाठीवर, कारण जमिनीवर उतरले की त्याला अन्य कामे. पुढे त्याच्या मनात प्रश्न आला, की आपण वाचीत असताना घोडा ठेचकाळत कसा नाही? विचार करता त्याला एकच कारण दिसले. वाचताना तो लगाम घोड्याच्या मानेवर सैल टाकून देत असे. तेव्हापासून त्याने हाच परिपाठ ठेवला, आणि लाख मैलांहून अधिक दौड झाल्यावर तो निर्वाळा देतो, की लगाम ताणला म्हणजे घोडा अडखळत नाही ही लोकांची समजूत चुकीची आहे. लाख मैलांत केवळ दोन घोडे कोलमडले, आणि ते कसेही हाकले असते तरी कोलमडलेच असते, असेही तो प्रांजळपणे नमूद करतो.

ती नोंद वाचून माझी आवळलेली मूठ, खरे सांगतो, जराशी सैल झाली.

एकादशीच्या पुरवणीत एका पाद्र्याचे आख्यान कशास, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. त्याचे मत आमचे नव्हे, आमचे त्याचे नव्हे. त्याचा सिद्धांत येथे मांडावयाचा नाही. पण नेम म्हणजे काय हे ज्या घरात कळते, त्या घरात त्याचे चरित्र परके वाटणार नाही. पायी वा घोड्यावर, गावोगाव, भगवंताचे नाव सांगत पन्नास वर्षे हिंडलेला माणूस कोणत्या का देशीचा असेना, वारकऱ्याने त्याला ओळखले पाहिजे.

हा वेस्ली १७०३ साली इंग्लंडातील लिंकनशायर परगण्यात, एप्वर्थ गावी जन्मला. वडील तेथील चर्चचे धर्मगुरू. पाच वर्षांचा असताना घराला आग लागली आणि वरच्या मजल्यावरून त्याला कसेबसे वाचविण्यात आले. ती आग तो जन्मभर विसरला नाही. पुढे ऑक्सफर्डच्या विद्यापीठात अध्ययन, अध्यापन, आणि काही समवयस्कांसमवेत कडक दिनचर्येचे व्रत. वेळच्या वेळी प्रार्थना, वेळच्या वेळी उपवास, तुरुंगातील कैद्यांची विचारपूस. त्या पद्धतशीरपणाला हसून इतर विद्यार्थ्यांनी त्यांना 'मेथडिस्ट' म्हणजे पद्धतवाले असे नाव ठेवले. टवाळीचे ते नाव पुढे पंथाचे नाव झाले. तरुणपणी अमेरिकेत जॉर्जियाच्या वसाहतीत धर्मोपदेशास गेला आणि अपयश घेऊन परतला. १७३८ च्या मे महिन्यात लंडनच्या एका लहानशा बैठकीत त्याच्या अंतःकरणात काही निराळेच घडले. पुढच्याच वर्षी ब्रिस्टल शहराच्या बाहेर उघड्या मैदानात त्याने प्रवचन केले. घुमट आणि व्यासपीठ यांत वाढलेल्या या विद्वानाला आधी ते मोठे ओशाळवाणे वाटले होते. मात्र त्यानंतर तो थांबला नाही. घोड्यावरून अडीच लाख मैलांचा प्रवास आणि चाळीस हजार प्रवचने, असा त्याच्या जन्माचा ठोकळ हिशेब मांडला जातो.

आता आख्यान. तेही मोठ्या चमत्काराचे नव्हे. एका साध्या रविवारचे.

१२ सप्टेंबर १७८४. रविवार. स्थळ ब्रिस्टल. वेस्लीचे वय ८१. अंगाने लहानखुरा, नीटनेटका, पांढऱ्या केसांचा म्हातारा. पहाटे चार वाजता उठण्याचा त्याचा नेम या वेळेपर्यंत साठ वर्षांच्या घरात गेला होता. उठल्यावर प्रार्थना, आणि सर्वसाधारणपणे पाच वाजता पहिले प्रवचन. आपल्याकडे काकडआरतीला जसा एक ओला, झोप न सरलेला, तरी उल्हसित समुदाय जमतो, तसा या प्रवचनाला मजूर, कामकरी, मोलकरणी असा समुदाय जमे, कारण पुढे त्यांना कामाला जावयाचे असे. याच वर्षी एप्रिलमध्ये चेस्टर गावी पोहोचल्यावर त्याला कळले, की तेथील मंडळींनी पहाटेचे प्रवचन बंद केले आहे. थंडीत लोक येत नाहीत, असे कारण. म्हातारा संतापला. असे असेल तर हा पंथ पतित झाला, असे त्याने लिहून ठेवले. आमच्या गल्लीतील काकडआरतीची उपस्थिती दरवर्षी मोजणाऱ्या मला तो संताप फार जवळचा वाटला. असो.

ब्रिस्टलमध्ये पंथाची जी वास्तू आहे तिला 'न्यू रूम' म्हणतात. १७३९ साली बांधावयास घेतलेली ही वास्तू त्या पंथाची जगातील सर्वांत जुनी वास्तू असून ती आजही उभी आहे. खाली प्रार्थनेचे दालन, वर फिरत्या प्रवचनकारांच्या खोल्या, आणि बाहेर त्यांच्या घोड्यांची पागा. अंगणात वेस्लीचा अश्वारूढ पुतळा आहे. देवघराला लागून पागा असलेले हे मंदिर पाहिले की या संप्रदायाचे मर्म कळते. येथे देव आणि घोडा यांची ताटातूट नव्हती. आपल्या प्रवचनकारांना वेस्लीने घालून दिलेल्या नियमांत आत्म्याच्या उन्नतीबरोबर हाही एक नियम आहे, की घोड्याला बेताने पळवावे, आणि त्याचा खरारा झाला, दाणावैरण मिळाली, खाली अंथरूण पडले, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. दुसऱ्यावर सोपवू नये. मुक्या जनावरांनाही अखेर परमेश्वराच्या राज्यात स्थान आहे, असे प्रतिपादणारे त्याचे एक स्वतंत्र प्रवचन १७८१ सालचे आहे. पालखीच्या रथाच्या बैलांना पुरणपोळीचा नैवेद्य भरविणाऱ्या आयाबहिणींना ते वेगळे समजावून सांगावयास नको.

त्या रविवारी न्यू रूममध्ये उपासना झाली. प्रार्थना डॉ. थॉमस कोक यांनी वाचल्या आणि प्रवचन वेस्लीने केले. ते आटोपताच तो घाईने चारएक मैलांवरच्या किंग्सवुडला गेला.

किंग्सवुड हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. तेथील खाणकामगार म्हणजे भल्या माणसांनी वाट चुकवून जावे असे लोक, अशी त्यांची ख्याती. न देऊळ, न शाळा. १७३९ च्या फेब्रुवारीत वेस्लीचा सहकारी जॉर्ज व्हाइटफील्ड याने प्रथम त्यांच्यासमोर उघड्यावर प्रवचन केले, आणि ऐकता ऐकता त्या कोळशाने माखलेल्या गालांवर अश्रूंच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या त्याने पाहिल्या. मागोमाग वेस्ली आला. त्याने तेथे शाळा काढल्या, आणि झाडेही लावली. दुहेरी रांग. का लावली, कोणासाठी लावली, हे त्या वेळी कोणी विचारलेही नसेल.

त्याला आता चाळीस वर्षे झाली होती. त्या रविवारी ऊन असे रणरणते होते, की म्हाताऱ्याला तरुणपणीच्या जॉर्जियाची आठवण झाली. तो त्या दुहेरी रांगेखाली उभा राहिला. भोवती माणसे दाटीवाटीने बसली. फांद्यांचा मांडव एवढा दाट झाला होता, की सूर्याचा किरण आत येईना. ही झाडे एके दिवशी अशा कामी येतील हे तेव्हा कोणाच्या मनातही आले नव्हते, असे तो रोजनिशीत लिहितो, आणि पुढल्या कामाला लागतो. नोंद जेमतेम चार ओळींची आहे.

चाळीस वर्षे! ज्या कामगारांच्या गालांवर रेघा उमटल्या होत्या, त्यांतील बहुतेक मातीत गेले असतील. सावलीत बसलेले त्यांचे नातू. आणि लावणारा स्वतः, त्याच सावलीत, उभा राहून बोलतो आहे.

आता या सत्संगाची व्यवस्था कशी होती ते सांगितले पाहिजे, कारण नुसत्या प्रवचनाने संप्रदाय टिकत नाही. हे आम्हा कीर्तनकारांइतके कोणास ठाऊक? रात्री मंडप भरतो, सकाळी सतरंज्या उरतात. वारकऱ्यांचा आधार कीर्तन खरेच, पण त्याहून अधिक आधार दिंडीचा. दिंडीत विणेकरी असतो, चोपदार असतो, आणि कोण मागे राहिला, कोणाचा पाय सुजला, कोणाच्या घरी काय संकट आहे, याची खबर असते. वेस्लीच्या पंथात तशीच लहान लहान मंडळे होती. तिची उत्पत्ती गमतीची आहे. न्यू रूमच्या बांधकामाचे कर्ज फेडावयाचे होते. १७४२ च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलमध्ये सभा भरली, तेव्हा एकाने सुचविले, की प्रत्येकाने आठवड्यास एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, कित्येक इतके दरिद्री आहेत की तेवढीही देऊ शकणार नाहीत. त्यावर फॉय नावाच्या एका कप्तानाने सांगितले, की सर्वांत गरीब अशा अकरा जणांना माझ्याकडे लावा. मी दर आठवड्यास त्यांच्या घरी जाईन. ते देतील तर उत्तम, न देतील तर त्यांचीही पेनी मी भरीन.

झाले. अकरा आणि एक असे बारा जणांचे मंडळ सिद्ध झाले. पैसे गोळा करावयास दारोदार गेलेल्यांना लोकांच्या घरांची खरी अवस्था दिसली. कोठे दारू, कोठे भांडण, कोठे आजार. मग पेनी राहिली बाजूला आणि विचारपूस मुख्य झाली. दर आठवड्यास बारा जणांनी एकत्र यावे, प्रत्येकाने आपल्या मनाची अवस्था इतरांसमोर उघडी करावी, आणि इतरांनी ती ऐकून घ्यावी. वर्षातून काही वेळा प्रीतिभोजन होई. त्यात मेजवानी काही नाही. साधी भाकरी वा पोळी आणि पाणी. एकच दोन कानांचा प्याला हातोहात फिरे, कोळसेवाल्याच्या ओठांवरून व्यापाऱ्याच्या ओठांकडे. गोपाळपूरच्या काल्यात एकाच्या हातचे लाह्यादही दुसऱ्याच्या मुखी जाते तेव्हा जे घडते, ते तेथे त्या प्याल्याने घडत होते. जातींचे नसले तरी श्रीमंत-गरिबांचे सोवळे त्या देशातही काही कमी कडक नव्हते.

येथवरचे सारे गोड. पण त्या रविवारच्या सावलीमागे एक ऊनही होते, ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

वेस्ली जन्मभर म्हणत आला होता, की मी निराळा पंथ काढलेला नाही. मी इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा धर्मगुरू आहे आणि तसाच मरेन. आपली प्रवचने तो शक्यतो पहाटे आणि सायंकाळी ठेवी, एवढ्यासाठी, की रविवारी सकाळी लोकांनी आपापल्या गावच्या चर्चमध्ये जावे. ज्या चर्चने त्याला व्यासपीठ नाकारले, तेथेच तो आपल्या माणसांना पाठवी. १७४२ साली खुद्द एप्वर्थमध्ये, जेथे त्याचे वडील जवळजवळ चाळीस वर्षे धर्मगुरू होते, त्याला आत बोलू दिले नाही. तेव्हा तो बाहेर दफनभूमीत वडिलांच्या थडग्यावर उभा राहिला आणि तेथून बोलला. चर्चवर मात्र उलटला नाही. आपल्या चोखोबांची पायरी येथे कोणाला आठवली तर मी त्याला दोष देणार नाही, जरी दोन्ही दुःखे एकाच मापाची नव्हेत.

परंतु अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध १७८३ साली संपले. तेथील इंग्रज धर्मगुरू बहुतांशी निघून गेले आणि हजारो अनुयायी प्रभुभोजनावाचून, बालकांच्या बाप्तिस्म्यावाचून राहिले. बिशपांनी कोणास दीक्षा देऊन तिकडे पाठवावे तर ते पाठवीनात. अखेर १७८४ च्या सप्टेंबरात, आपण सांगत आहोत त्या रविवारच्या केवळ अकरा दिवस आधी, ब्रिस्टलमध्येच या वृद्धाने स्वतः दोघांना दीक्षा दिली, आणि दुसऱ्या दिवशी डॉ. कोक यांच्या मस्तकी हात ठेवून त्यांना अमेरिकेतील मंडळींचे अधीक्षक नेमले. चर्चच्या नियमाने हा अधिकार बिशपाचा. वेस्ली बिशप नव्हता. म्हणजे आयुष्यभर घट्ट धरलेली दोरी त्याने स्वतःच्या हाताने सोडली. तो रविवार कोक यांचा ब्रिस्टलमधील शेवटचा रविवार होता. सहाव्या दिवशी त्यांचे जहाज निघाले.

धाकटा भाऊ चार्ल्स याला हे कळले तेव्हा तो विद्ध झाला. चार्ल्स हा या पंथाचा कवी. त्याची सहा हजारांहून अधिक भक्तिगीते आहेत. थोरल्याने बोलावे आणि धाकट्याने गावे, अशी ती निवृत्ती-ज्ञानदेवांची आठवण देणारी जोडी. पण या प्रश्नावर दोघांचे जुळले नाही ते नाहीच. चार्ल्स १७८८ च्या मार्चमध्ये वारला. थोरल्याने लंडनच्या सिटी रोडवर बांधलेल्या प्रार्थनामंदिरापाशी त्याच्यासाठी जागा राखली होती, पण ती भूमी चर्चने पवित्र केलेली नव्हे म्हणून चार्ल्सने मरताना नाकारली. त्याला निराळ्या चर्चच्या दफनभूमीत पुरले. सुमारे पंधरा दिवसांनी बोल्टन येथील उपासनेत वेस्लीने भावाचेच एक गीत सांगावयास घेतले. सोबतीचे पुढे गेले आणि मी एकटा उरलो, अशा अर्थाच्या चरणापाशी आला आणि त्याचा कंठ दाटला. पंच्याऐंशीच्या घरातील तो म्हातारा, ज्याची पाच दशके एकही सभा त्याला थांबवू शकली नव्हती, मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. काही वेळाने उठला आणि उपासना पुढे चालविली.

लगामाचे ते मास्तर मला पुन्हा भेटले तेव्हा मी म्हटले, "तुमचा स्वार घोड्याचा लगाम सैल सोडतो खरा. पण स्वतःचा?" ते काही बोलले नाहीत. मला वाटते, कठोपनिषद आणि वेस्ली यांत विरोध नाही. पहाटे चारचा नेम सुमारे पन्नास वर्षे चुकला नाही, वर्षाला साडेचार हजार मैलांहून कमी प्रवास झाला नाही, हे त्यानेच एका वाढदिवसाच्या नोंदीत आपल्या प्रकृतीचे कारण म्हणून दिले आहे. आतला लगाम एवढा आवळलेला असल्यावर बाहेरचा सोडावयास हरकत नसते. ज्याने मुळात धरलाच नाही त्याला सोडण्याचा अधिकार कोठला? त्याचा घोडा त्या दोन घोड्यांपैकीच निघावयाचा. माउलींच्या रित्या पाठीच्या अश्वामागेही वर्षभराची मेहनत आणि अंकलीपासूनची पायपीट असतेच की.

मात्र अति आवळलेल्या लगामाची किंमत कोणीतरी देतच असते. वेस्लीचा संसार सुखाचा झाला नाही. १७५१ साली त्याने विवाह केला, तो जुळला नाही, पत्नी सोडून गेली. १७८१ साली ती वारली, तिला मूठमाती दिली गेली, आणि नवऱ्याला ते एक-दोन दिवसांनी कळले. दोष तिचा सांगणारे पुष्कळ आहेत. पण जो माणूस वर्षाला साडेचार हजार मैल घोड्यावर असतो, त्याच्या घराच्या उंबऱ्यावर कोण उभे असते, हा विचार त्या सांगणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. आमच्या व्यवसायातील पुष्कळांच्या घरची माणसे यावर अधिक बोलू शकतील.

आणखी एक. सत्तरीच्या सुमारास एका व्याधीमुळे त्याला घोड्यावर बसणे दुःसह झाले. स्नेह्यांनी वर्गणी जमवून त्याच्यासाठी गाडी घेतली. मोठ्या स्वाराला गाडीत बसणे किती बोचले असेल! त्याने मात्र तक्रार केल्याचे दिसत नाही. गाडीत फळी बसवून पुस्तकांची सोय करून घेतली आणि वाचन चालूच ठेवले. यंदा गुडघ्यांनी दगा दिला म्हणून दिंडीसोबत चालता न आलेले, वाहनातून वाखरीस उतरलेले, आणि त्यापायी अपराध्यासारखे मान खाली घालून बसलेले जे वयोवृद्ध वारकरी या आठवड्यात माझ्याकडे येऊन गेले, त्यांना मी हीच गोष्ट सांगितली.

त्या रविवारी प्रार्थना वाचणारे डॉ. कोक यांचा आपल्या मुंबईशी एक दूरचा संबंध आहे. तीस वर्षांनी, वयाच्या ६६ व्या वर्षी, सहकाऱ्यांना घेऊन ते श्रीलंकेकडे धर्मप्रचारास निघाले. ३ मे १८१४ रोजी हिंदी महासागरात जहाजावरच ते मृत अवस्थेत आढळले आणि त्यांचा देह सागरास अर्पण झाला. पुढारी गेला, जवळ पैसा नाही, अशा स्थितीत त्यांचे सोबती त्याच महिन्यात मुंबईच्या बंदरावर उतरले. ज्या देशी जावयाचे ते पुढेच होते. इतक्या लांबवर त्या ब्रिस्टलच्या रविवारचे धागे येऊन पोहोचले.

वेस्ली मात्र बोलत राहिला. १७९० च्या ऑक्टोबरात विंचेल्सी गावी एका झाडाखाली त्याने उघड्यावरचे शेवटचे प्रवचन केले. वय ८७. पुढील २४ फेब्रुवारीस त्याने विल्यम विल्बरफोर्स यांना पत्र लिहून गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा लढा न सोडण्याविषयी सांगितले, आणि २ मार्च १७९१ रोजी लंडनमध्ये देह ठेवला. मृत्युपत्रात लिहिले होते, की माझ्या शवासाठी शववाहिका नको, घोडागाडी नको, मानचिन्हे नकोत. सहा गरीब माणसांनी मला खांद्यावरून न्यावे आणि त्यांना प्रत्येकी एक पौंड द्यावा. त्याप्रमाणे झाले. गर्दी लोटू नये म्हणून ९ मार्चला पहाटे पाच-सहाच्या दरम्यान, अजून अंधार असताना, त्याला सिटी रोडच्या प्रार्थनामंदिरामागे पुरण्यात आले. ती त्याच्या पहिल्या प्रवचनाची वेळ होती.